चिप संपल्यानंतरची दुपार

१

मुंगी झोपली की माझी नोकरी सुरू होते, आणि मुंगी उठली की संपते.

मुंगी म्हणजे आमची लेक. रांगायला लागल्यापासून जमिनीवर दिसेल तो कण उचलून तोंडात घालते, म्हणून हे नाव. खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त लसीच्या कार्डावर नांदतं.

माझं काम सांगितलं की लोक मान डोलवतात आणि विषय बदलतात, तरी सांगते. मी जुन्या वाद्यांच्या चिप वाचते. तारांची वाद्यं नव्हेत, विजेवरची. एके काळी घराघरांत असलेले, आता अडगळीत गेलेले कीबोर्ड. त्यांच्या पोटात एक काळी चिप असते आणि त्या वाद्याचे सगळे आवाज तिच्यात असतात: बासरी, घंटा, कोरस. ही चिप फक्त वाचता येते. कारखान्यात एकदा जे भरलं ते भरलं, पुढे त्यात कोणाला अक्षरही लिहिता येत नाही. मला ही गोष्ट फार आवडायची. घरात बाकी सगळं दर घटकेला सांडत, वाढत, रडत असताना निदान एक वस्तू अशी की काल होती तशीच आजही.

मी ती चिप सॉकेटात दाबून बसवते. मीच लिहिलेला प्रोग्राम ती वाचतो आणि त्याची फाइल करतो. मग कॉम्प्युटर त्या मेलेल्या वाद्याचं सोंग घेऊ शकतो. संगीतवाले ते आवाज आपल्या गाण्यात वापरतात, आणि वाद्यांच्या संग्रहालयात ती फाइल जपून ठेवतात. मला पैसे संग्रहालय देतं. तो प्रोग्राम मी लग्नाआधी लिहिला, म्हणजे मला अजून पूर्ण वाक्यं सुचायची त्या काळात.

संग्रहालयातल्या बाईंचा फोन आला. टाचणी टोचावी तसं बोलतात त्या.

"तुमचा प्रोग्राम मोठ्या चिप वाचत नाही."

"वाढवावा लागेल."

"मग वाढवा. बाळ झोपत असेल ना दुपारी?"

झोपत होतं. तीच तर गंमत होती. हे काम हातात घेतल्यावर तर मुंगी दुपारी अशी झोपायची की आजूबाजूच्या बायकांना माझा हेवा वाटावा. तिला झोपवायचं काम नवऱ्याकडे होतं. कारण माझ्याकडे ती यायचीच नाही. मी उचललं की पाठ कमानीसारखी ताणायची, मान मागे टाकायची, आणि माझ्या खांद्यावरून दुसरीकडेच कुठेतरी बघत रडायची. त्याने घेतलं की गप्प.

डॉक्टर म्हणाले, "आई घाबरली की मूल घाबरतं. तुम्ही निवांत राहा."

निवांत राहा असं सांगितल्यावर निवांत झालेली बाई मी अजून पाहिलेली नाही.

"तिला माझी ओळख पटत नाहीये," मी घरी येताना नवऱ्याला म्हणाले.

"अगं, काहीतरीच काय! आईची ओळख पटत नाही का कधी?"

हे त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं. पण तो गाडी चालवत होता, त्यामुळे ते मी मनावर घेतलं नाही.

२

प्रोग्राम वाढवणं म्हणजे काय, ते एकदा नीट सांगते. मग पुढचं सोपं जाईल.

चिप ही एक इमारत समजा. तिच्या प्रत्येक खोलीत आवाजाचा एकेक तुकडा ठेवलेला. कोणत्या खोलीतलं हवंय ते चिपला तारांमधून विचारायचं असतं. एक तार वाढवली की खोल्या दुप्पट होतात. मोठ्या चिपसाठी मी माझ्या सॉकेटाला एक जादा तार लावली आणि प्रोग्रामला ती वापरायला शिकवलं.

तपासणी मात्र लहान चिपवरच करायची, अशी आमच्या धंद्यातली पद्धत. लहान चिपमध्ये त्या जादा तारेला जागाच नसते, ती अधांतरी राहते. म्हणजे लिफ्टमध्ये इमारतीला नसलेल्या मजल्यांची बटणं लावल्यासारखं. ती दाबली तरी लिफ्ट तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून त्याच मजल्यांवर फिरवून आणते. चिप संपली की तीच परत सुरू होते. त्यामुळे वाचनाचा दुसरा अर्धा भाग पहिल्याची हुबेहूब नक्कल निघायला हवा. तसा निघाला तर प्रोग्राम बरोबर. मग ती नक्कल टाकून द्यायची, उगाच दुप्पट जागा कशाला अडवायची? हा नियमही मीच लिहिला होता.

बाईंनी तपासणीला पाठवलेली चिप एका शिकाऊ कीबोर्डची होती. कंपनी कधीच बुडालेली, वाद्य जगात बहुतेक हे एकच उरलेलं.

मी वाचन सुरू केलं. दोन्ही भाग जुळले. छान वाटलं. मग खात्रीसाठी पुन्हा सुरू केलं आणि तेवढ्यात मुंगीचा श्वास बघून यावा म्हणून आत गेले. हे मी दिवसातून किती वेळा करते ते विचारू नका. बोट तिच्या नाकाशी धरलं. श्वास चालू होता. परत आले तर पडद्यावर लाल ओळ.

भाग जुळत नाहीत.

वायर हलली असेल. पुन्हा सुरू केलं, समोर बसून राहिले. जुळले. पुन्हा सुरू करून पाणी प्यायला उठले. नाही जुळले.

मी खुर्चीत असले की नक्कल. मी उठले की दुसरंच काहीतरी.

मी शिकलेली बाई आहे. अधांतरी तार म्हणजे एक प्रकारचा एरियल. जवळ माणूस आला, गेला, की तिच्यावर परिणाम होतो, एवढं मला कळतं. मी स्वतःला हे समजावलं आणि ते पटलंही. फक्त एक गोष्ट मनात कुसळासारखी राहिली. ती तार चिपला पोचतच नव्हती. पलीकडे कोणीच नसलेल्या तारेतून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत कोण होतं?

"तू माझ्या टेबलाला हात लावलास का रे?" मी नवऱ्याला विचारलं.

तो त्याच्या खोलीच्या दारात उभा होता, गळ्यात हेडफोन. तो जाहिरातींसाठी संगीत करतो. साबणाच्या वडीला हसू फुटतं तेव्हा जे टुंग वाजतं, ते आमच्या घरात तयार होतं.

"तुझ्या टेबलाजवळ मी श्वासही जपून घेतो," तो म्हणाला. "का? काय झालं?"

"काही नाही. कचरा येतोय वाचनात."

"बघू?"

"तुला काय कळणार त्यातलं!"

तो हसला. पण टेबलाकडे बघत राहिला.

३

अशा चिपमधले आवाज कच्चे असतात. फाइल उचलून थेट आवाज म्हणून वाजवता येते. कचरा असेल तर खरखर ऐकू येते, एवढंच.

आठवडाभर मी बाजारात गेले तरी वाचन चालू ठेवलं आणि लाल ओळ येत-जात राहिली; शेवटी मी हेडफोन लावले आणि न जुळलेला भाग वाजवला.

आधी खरखर होती. मग ती मागे हटली, आणि तिच्यामागे एक खोली होती.

खोली ऐकू येते हे मला नवऱ्यामुळे माहीत आहे. रिकाम्या खोलीचा एक आवाज असतो, भिंतींचा, छताचा. ही आमची आतली खोली होती. पंखा एका फेरीत टक् करतो, ते टक्. कपाटाचा कडेचा खण ओढताना दोनदा अडतो, तसा अडला. मुंगी तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगत होती. रडत नव्हती, तक्रारही नव्हती. नुसतं सांगत होती, जसं माणूस आपल्या माणसाला दिवसभरातलं सांगतो.

आणि एक बाई गायला लागली.

"रांग सोड गं, मुंगीबाई,
उशीर झाला तरी घाई नाही..."

ही अंगाई माझी. मीच जुळवलेली, मुंगी रांगायला लागली तेव्हा. ती कुठेही छापलेली नाही, आणि मी ती घराबाहेर कधी म्हटलेली नाही. मला सूर नाही. दुसऱ्या ओळीला माझा आवाज चिरकतो, आणि तिसरी ओळ मला कधी सुचलीच नाही, तिथे मी नुसतं हं-हं करून वेळ मारून नेते.

ही बाई सुरात गात होती. आवाज माझाच होता, पण झोप झालेल्या माणसाचा. आणि तिला तिसरी ओळ येत होती.

"तुझ्या आईला भीती नाही."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.  दुपारचं लख्ख ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं, खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं. अशा उजेडात घाबरायचं कसं, तेही मला कळेना.

मग डोकं चालायला लागलं, आणि सरळ नवऱ्याकडे गेलं. घरात माईक कोणाकडे? त्याच्याकडे. बेसूर आवाज सुरात आणता कोणाला येतो? त्यालाच. मध्यंतरी एका जाहिरातीसाठी त्याने मुंगीचं हसू मागितलं होतं आणि मी साफ नाही म्हटलं होतं. त्याने चोरून आम्हाला टेप केलं, त्यावर कलाकुसर केली, आणि ते माझ्या फायलींत घुसलं. नवऱ्याचा राग यावा असं हे कारण होतं, आणि खरं सांगू, मला हायसं वाटलं. नवऱ्यावर रागावणं मला जमतं. त्याची सवय आहे.

४

रागवायला मी धाकट्या बहिणीला फोन लावला. आधी तिच्यापाशी तालीम करावी म्हणून.

"ताई? आज पुन्हा?" ती म्हणाली.

"पुन्हा म्हणजे?"

"कालच बोललो की तासभर. म्हणजे तू बोललीस, मी ऐकलं. किती दिवसांनी अशी हसलीस गं तू."

काल मी तिला फोन केला नव्हता. काल दुपारी मी भाजी, डायपर आणि एक किलो काळजी आणायला बाजारात गेले होते, आणि फोन चार्जिंगला घरीच राहिला होता.

"मी काल तुझ्याशी बोलले नाही."

"अगं, होतं असं. माझी जाऊ बाळंतपणानंतर स्वतःचा वाढदिवस विसरली होती."

"काय बोलले मी?"

"काही विशेष नाही. मुंगीचं. ती आता तुझ्या कुशीतच झोपते म्हणालीस. गाऊनही दाखवलंस." तिने आवाज खाली आणला. "ताई, एक सांगू? रागावू नकोस. कालची तू बरी होतीस. आज परत तसं सुरू केलंस."

"तसं म्हणजे कसं?"

"हेच. असं."

मी फोन ठेवला. आलेल्या-गेलेल्या फोनची यादी बघायला हात गेला, पण मी ती उघडली नाही. तिथे काहीही दिसलं असतं तरी ते माझ्या बाजूचं नसतं.

५

मग मी शहाण्या माणसाने करावं तेच केलं. ती अधांतरी तार कापली आणि उरलेलं टोक जमिनीच्या, म्हणजे अर्थिंगच्या, तारेला जोडून टाकलं. आता तिला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. वाचन सुरू केलं आणि मुद्दाम उठून गेले. मुंगीला बघितलं, तोंड धुतलं, चहा केला, तो उभ्यानेच प्याले. परत आले. दोन्ही भाग जुळलेले.

मला रडू आलं. इतकं साधं होतं. लोंबकळलेली तार, जागरणं, आणि कानांना ऐकू येणारं मनातलं. संध्याकाळी मी मुंगीला घेतलं तेव्हा ती पाठ ताणून रडली. पण मी म्हटलं, असू दे, हळूहळू. फाइल संग्रहालयाला पाठवली आणि बरेच दिवसांनी गाढ झोपले.

पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन.

"हे काय, तुम्ही अर्धीच फाइल पाठवलीत?"

"ती पूर्णच आहे. दुसरा भाग नक्कल असतो, मी तो टाकून देते."

"पण आधीच्या फायलींत नक्कल नव्हती. त्या केवढ्या मोठ्या होत्या! आमच्याकडे येणारा प्रत्येक जण ऐकून थक्क होतोय. असा जिवंत कोरस त्या काळच्या वाद्यात? तुमचे मिस्टर म्हणालेच की तुम्ही फार संकोची आहात म्हणून."

"माझे मिस्टर?"

"ते पाठवतात ना. काल संध्याकाळीही आली एक."

काल संध्याकाळी. तार तर मी आठवड्याआधीच कापली होती.

मी टेबलाशी गेले आणि चिप वाचायची पेटी उलटी केली. माझा जोड काढलेला होता. त्या जागी नवी तार लावलेली होती, लांब, लवचीक, कथलाचा स्वच्छ डाग दिलेली. मी डाग देते तेव्हा घाईत गोळा होतो. हा अगदी सपाट होता. तार टेबलाच्या मागून, पडद्याच्या आडून, भिंतीच्या कडेकडेने आतल्या खोलीपर्यंत गेली होती. मुंगीच्या पाळण्यापर्यंत.

६

तो त्याच्या खोलीत होता. मी आत गेले, त्याच्या कानावरचा हेडफोन उचलून माझ्या कानाला लावला. पंखा टक्. मुंगीची गोष्ट चालली होती. मधेच एका पुरुषाचं हसणं.

"हा तू आहेस," मी म्हणाले.

"हो."

"हे कधी टेप केलंस?"

"मी काहीही टेप केलेलं नाही." तो शांत होता. मी त्याला खोटं बोलताना अनेकदा पाहिलंय, तो कान खाजवतो. कानाला हात गेला नाही. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही धक्का बसला. तू बाजारात गेली होतीस. पडद्यावर लाल ओळ दिसली म्हणून वाजवून बघितलं. मुंगी उठून रडत होती. ते ऐकलं आणि थांबली. एकदम थांबली गं. स्पीकरकडे रांगत गेली."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तू बंद केलं असतंस."

"अर्थात केलं असतं!"

"म्हणूनच."

मला ओरडायचं होतं, पण मुंगी आत झोपली होती. त्यामुळे लग्नातलं सगळ्यात मोठं भांडण आम्ही कुजबुजत केलं.

"किती दिवस झोपवतोयस तिला यावर?"

"तिला झोप हवी होती. तुलाही. मलाही." त्याने हेडफोन माझ्या हातातून काढून घेतला. "तुला माहितीय तू तिला घेतेस तेव्हा कशी घेतेस? गॅसवरून उतू जाणारं भांडं उचलावं तशी. तिला ते कळतं. तिला भाजतं."

"डॉक्टर म्हणाले—"

"डॉक्टर राहू दे. ती तशी घेत नाही."

  शेजारच्या घरात कोणीतरी खुर्ची सरकवली.

"ती कोण?" मी विचारलं.

तो मांडीवरच्या हातांकडे बघत होता.

"तूच सांगतेस ना सगळ्यांना," तो म्हणाला. "त्या चिपमध्ये कोणाला काही लिहिता येत नाही म्हणून. मग हे कोणी लिहिलेलं नाही. हे आधीपासूनच आहे. आपण नंतरचे."

"आपण?"

तो उत्तर द्यायच्या आधी घटकाभर थांबला, आणि त्या घटकेत मला कळलं की त्याने तो शब्द माझ्या सोयीसाठी वापरला होता.

"तिथे आम्ही भांडत नाही," तो हळूच म्हणाला. दुखवायच्या हेतूने नाही. चांगल्या हॉटेलात राहून आलेला माणूस सांगतो तसं.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगीला मी झोपवणार, असं मी जाहीर केलं. तो नाही म्हणाला नाही. त्याचे स्पीकर मी सोडवून आणले, तेही त्याने दिले. फायली ठेवलेली डिस्क मागितली.

"घे," तो म्हणाला आणि माझ्या हातावर ठेवली. इतक्या सहज की मला ती परत करावीशी वाटली.

मी मुंगीला कुशीत घेतलं. उतू जाणारं भांडं नाही, पीस. पीस घेतल्यासारखं घ्यायचं, मी मनाशी म्हणत होते. तिने पाठ ताणली. मी गायले. दुसऱ्या ओळीला चिरकले, तिसऱ्या ओळीपाशी आले. ती ओळ आता मला माहीत होती. तोंड उघडलं, पण ती माझ्याने म्हणवेना. मी हं-हं केलं. मुंगी माझ्या खांद्यावरून बघत रडत राहिली, आणि शेवटी रडूनच दमली आणि झोपली. झोपेतही मधून मधून हुंदके येत होते. मी तिला पाळण्यात ठेवलं, पाळण्याखालची ती लांब तार ओढून काढली, गुंडाळी करून बाहेर आणली.

मग टेबलाशी बसून चिमट्याने चिप सॉकेटातून उपटली. पिना वाकल्या. वाकू देत. डिस्क, स्पीकर, तार, पेटी, सगळं माझ्या पायांशी ढीग करून ठेवलं होतं, आणि चिप माझ्या मुठीत होती. नखाएवढ्या रुंदीची, थंड, पिना तळव्यात रुतत होत्या. घरात आवाज करू शकेल अशी एकही वस्तू माझ्या नजरेआड नव्हती. हे मी पुन्हा एकदा डोळ्यांनी मोजून घेतलं.

आतल्या खोलीत कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला. दोनदा अडून.

नवरा असेल. कपडे काढत असेल. मी मनाशी म्हटलं आणि उठले.

मुंगी बोलायला लागली होती. हुंदके नव्हते. लांबलचक, खालीवर होणाऱ्या स्वरात ती काहीतरी सांगत होती, आणि मधे मधे कोणीतरी "हो?", "मग?" असं म्हणत होतं. बाईच्या आवाजात. खोलीच्या आवाजाबद्दल मी म्हटलंय. यंत्रातून आलेला आवाज भिंतीवर बसत नाही, वर तरंगतो, हे नवऱ्याने मला शिकवलंय. हा आवाज नीट भिंतीवर बसत होता.

मी बोळातून चालत गेले. पाय वाजू नयेत असं मला का वाटत होतं, ते सांगता येणार नाही. घर माझं होतं.

दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून पाळणा दिसत होता. मुंगी कठडा धरून उभी होती. मग तिने कठडा सोडला आणि दोन्ही हात वर केले. घे म्हणून. तसे हात तिने माझ्यासाठी कधीच वर केले नव्हते. मला माहीतही नव्हतं की तिला तसे करता येतात.

ज्याच्याकडे हात केले होते ते दाराआड होतं. मला दिसली ती एक बाही, कोपरापर्यंत दुमडलेली. माझ्याच कुडत्याची बाही. दुमडायची पद्धतही माझी, फक्त एकेक घडी सावकाश, बोटांनी सपाट केलेली. मग तो हात पुढे आला आणि मुंगीच्या काखेत गेला, आणि ती काहीच जोर न लावता त्यात उचलली गेली.

"मुंगे," मी म्हणाले.

मुंगीने खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, बराच वेळ. गॅसवाला आला की पाहते तसं. तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला. तिने तोंड फिरवून त्या मानेत खुपसलं आणि रडायला लागली.

दुमडलेल्या बाहीचा हात तिच्या पाठीवरून फिरू लागला. घाई नव्हती त्याला.

खाटेवर बसलेला नवरा उठला आणि दाराशी आला. फटीएवढंच दार त्याने धरून ठेवलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता. ओळखही नव्हती. जेवणाच्या वेळी दार वाजलं की माणूस जसा, सौजन्य न सोडता, लवकर आटपावं अशा बेताने उभा राहतो, तसा तो उभा होता.

मान मागे वळवून तो म्हणाला, "काही नाही गं. कोणीतरी आलंय."

मग माझ्याकडे. "काय हवं होतं?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. माझी मुलगी दे. मुंगीला खाली ठेव म्हणावं त्या बाईला. मी इथली आहे, विचार तिला, विचार मुंगीला. आत मुंगीचं रडणं ओसरत होतं. एक हुंदका, मग अर्धा, मग नुसता श्वास. इतक्या लवकर ती कधीच शांत झाली नव्हती. मी ओरडले असते तर ती दचकली असती.

"असू दे," मी कुजबुजले. "बाळ झोपतंय. मी नंतर येते."

"बरं होईल," तो म्हणाला, आणि आवाज होऊ नये म्हणून कडी हाताने धरून, माझ्याकडे बघून आभाराचं हसून, त्याने दार लावून घेतलं.